हजेरी

आम्ही पुण्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत. सकाळी दुआ झाली की वर्गातले पहिले काम हजेरीचे. आम्ही नाव पुकारतो, मूल 'हाजिर जनाब' म्हणते, आम्ही रकान्यात खूण करतो. बी.एड.ला असताना आमचे एक प्राध्यापक सांगत असत की हजेरी घाईत उरकू नये. दिवसभरात निदान एकदा प्रत्येक मुलाला आपले नाव कुणीतरी नीट उच्चारलेले ऐकायला मिळाले पाहिजे. ते आम्हाला तेव्हा पटले होते, आजही पटते. पण गेल्या काही वर्षांत या एका शब्दाचे आणखी दोन अर्थ आमच्यापुढे आले. एक सरकारच्या कायद्यात सापडला, दुसरा आमच्या स्वतःच्या घरात. त्या दोन्हींविषयी हा लेख आहे.

सुरुवात झाली ती एका चुकीच्या उत्तरापासून. २०२१ च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या आणि आम्ही मोबाइलवर वर्ग घेत होतो. त्याच सुमारास कॅनडातील कॅमलूप्स गावची बातमी सर्वत्र आली. तिथे आदिवासी मुलांसाठी चालवलेल्या एका जुन्या निवासी शाळेच्या आवारात जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारने सुमारे २१५ संभाव्य कबरींच्या खुणा दाखवल्या होत्या. (हा आकडा पुढे सुमारे २०० असा सुधारण्यात आला.) आम्ही ती बातमी मुलांना सांगितली. कॅनडाच्या सरकारने आणि चर्चच्या संस्थांनी एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशा शाळा चालवल्या. सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून तिथे ठेवली गेली. त्यांचे केस कापले, नावे बदलली, आपल्या भाषेत बोलले तर शिक्षा केली. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "जनाब, अपने यहाँ भी ऐसा था क्या?" आम्ही क्षणभरही न थांबता म्हणालो, "नहीं बेटा, अपने यहाँ ऐसा नहीं था."

शिक्षकाने न वाचता दिलेले उत्तर मुले खरे मानतात. म्हणून त्या 'नहीं'ची जबाबदारी आमच्यावर आहे.

टाळेबंदीत आम्ही मुळशी तालुक्यातील आमच्या मूळ गावी होतो. पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने निघाले की डोंगर जवळ येऊ लागतात, त्या पट्ट्यातले आमचे गाव. मुळशीत पाऊस धो धो पडतो, तेव्हा जूनपूर्वी कौले शेकारावी लागतात. त्या कामात माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. पेटीत आमच्या दादांची, म्हणजे आजोबांची, वखारीची वही होती. दादांची कोळशाची वखार होती हे आम्हाला ठाऊक होते. वही मात्र कुणी पाहिली नव्हती. ती उर्दूत होती. अब्बा गावच्या मराठी शाळेत शिकले, त्यांना उर्दू वाचता येत नाही. घरात ती वही वाचू शकणारे आम्हीच.

वही १९४७ ते १९५६ या सालांची होती. पानावर रकाने आखलेले : नाव, हाजिरी, पोती, उचल, बाकी. नावे सगळी एकेरी. कुणाच्या बापाचे नाव नाही, गावाचे नाव नाही, प्रत्येक नावापुढे एकच शब्द, 'कातकरी'. उचलीच्या रकान्यात पावसाळ्यातली खावटी, मीठ, लुगडे, लग्नासाठी घेतलेले पैसे. हंगाम संपताना हिशेब केलेला. आम्ही पाने उलटत गेलो. आम्ही वाचली त्या पानांत एकाही कुटुंबाची बाकी शून्यावर आलेली दिसली नाही. एके ठिकाणी माणूस मेल्याची नोंद होती, आणि त्याची बाकी त्याच्या मुलाच्या नावावर ओढलेली होती.

दादा पाच वेळचे नमाजी होते. कुणावर हात उगारल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. गावात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. तरीही ती वही आमच्यासमोर होती आणि ती आमच्याच लिपीत लिहिलेली होती.

वही वाचल्यानंतर त्या मुलीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळावे लागले. आम्ही वाचू लागलो. जे हाती लागले ते आमच्या वाचकांपैकी अनेकांना, विशेषतः सोलापूरकडच्या मंडळींना, नवे नसेल. आम्हाला मात्र ते तिशी ओलांडल्यावर कळले.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. व्यक्तीने गुन्हा केला की नाही हे न पाहता संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय या कायद्याने झाली. आरंभी तो उत्तरेकडील काही प्रांतांपुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यासह ब्रिटिश हिंदुस्थानभर तो लागू करता येऊ लागला. ज्यांची नावे यादीत गेली त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द सोडायची नाही. पुढे त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. आपल्या इलाख्यात विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग इथे अशा वसाहती होत्या. सोलापुरात त्या कामी अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी अशा जमातींची कुटुंबे कुंपणात राहत, दिवसा गिरणीत कामाला जात आणि परत येऊन हजेरी देत. सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव म्हणून अजून टिकून आहे.

आता मुलांविषयी. १९२४ च्या एकत्रित कायद्यात स्पष्ट तरतूद होती. सरकारने औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळा काढाव्यात आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून तिथे ठेवण्याचा हुकूम द्यावा. मूल कोणाला म्हणायचे, तर सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील. आम्ही हे कलम वाचले तेव्हा आमच्या वर्गातली मुले डोळ्यांसमोर आली. त्यांचे वय तेच.

म्हणजे त्या मुलीला आम्ही दिलेले उत्तर चूक होते. कॅनडाएवढे मोठे जाळे इथे उभे राहिले नाही, दोन्ही ठिकाणची परिस्थिती एक नव्हती, हे खरे आहे. पण मूल सुधारायचे तर ते आधी घरातून उचलले पाहिजे, हा विचार तोच होता. कॅनडाचा इंडियन कायदा १८७६ चा, आपला गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. दोन्हीकडे राज्य एकाच साम्राज्याचे होते.

या यादीत आपली माणसेही होती. छप्परबंद ही मुसलमान जमात. मोगल फौजांबरोबर फिरून छावणीवर छप्परे शाकारणारे लोक अशी त्यांची परंपरागत ओळख सांगतात. फौजा गेल्या, काम गेले. इंग्रजांच्या दप्तरात त्यांची नोंद खोटी नाणी पाडणारी जमात म्हणून झाली. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'छप्परबंद (मुस्लिमांसह)' अशी नोंद आहे. आम्ही सोळा-सतरा वर्षे उर्दू माध्यमात शिकलो, तैमूर ते बहादूरशहा जफरपर्यंतची वंशावळ पाठ केली. छप्परबंद हा शब्द मात्र आमच्या कानावर कधी पडला नाही. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले. आपल्या समाजाला आपले दुःख मराठीत सांगायचे बळ ज्या शहराने दिले, त्याच शहरात छप्परबंदांसारख्यांची हजेरी घेतली जात होती, हे आपण एकमेकांना फारसे सांगितलेले नाही.

आणखी एक नोंद करण्याजोगी आहे. मुंबई इलाख्यातील या वसाहतींचा कारभार ज्यांनी पाहिला त्या ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याच्याच अध्यक्षतेखाली १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीचा विचार करणारी समिती नेमली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा या समितीचे सदस्य होते. १९३० साली तिचा अहवाल आला. कुंपण सांभाळणारा अधिकारीच शिष्यवृत्त्यांचा आणि वसतिगृहांचाही विचार करत होता. इतिहासातली माणसे सरळ एका बाजूला ठेवता येत नाहीत. आमच्या दादांनाही येत नाहीत.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून भटक्या-विमुक्त चळवळीत ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन मानतात. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी ही माणसे कुंपणाबाहेर आली. त्यानंतरही १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आलाच. या जगण्याची मराठी साक्ष पुढे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने दिली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता आमच्या मुळशीकडे येतो.

कातकरी हे नाव कातावरून आले. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, आटवून कात काढायचा हा त्यांचा धंदा. आपल्या घरी जेवणानंतर पानाचा विडा लागतो, त्यातला कात पूर्वी या हातांनी तयार होई. १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारच्या ताब्यात गेले आणि खैराला हात लावणे गुन्हा ठरू लागले. १८८० च्या दशकातील ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या सरकारी गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांचे वर्णन वाचले तर चोरीचा संशय पानोपानी दिसतो. आधी माणसाचे जंगल घ्यायचे, मग तो जंगलात सापडला की त्याला चोर म्हणायचे, अशी ती रीत. कात गेल्यावर हे लोक ठेकेदारांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर गेले. पावसाळ्यात काम नाही, म्हणून खावटी घ्यायची. ती फेडायला हंगामभर कुटुंबासकट जंगलात राहायचे. कोळशाचा धंदा बसल्यावर वीटभट्ट्या आल्या. ठेकेदार बदलले, उचल तीच राहिली. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, पण कायदा झाल्याचे भट्टीवर कळायला बरीच वर्षे गेली.

मुळशी म्हटले की इतिहासप्रेमींना मुळशीचा सत्याग्रह आठवतो. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. धरण झालेच. पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे वळले, वीज मुंबईला गेली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आणि धरणाविरुद्धचे जगातले पहिले आंदोलन म्हणून त्याची ओळख जगाला करून दिली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. तरी एक प्रश्न मनात राहतो. मोबदल्याचा वाद ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्यापुरता चालतो. ज्याचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, ज्याचे जगणे डोंगरउतारावर, नदीच्या मासळीवर आणि रानातल्या कंदांवर होते, त्याचे काय बुडाले हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

कातकरी लढले नाहीत असेही नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर इथे जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात जे हुतात्मे झाले त्यांत नाग्या महादू कातकरी होता. आम्ही दरवर्षी मुलांना सविनय कायदेभंग शिकवतो, दांडीची वाट नकाशावर काढून दाखवतो. पण आमच्या गावापासून घाट उतरला की लागणाऱ्या जिल्ह्यातला नाग्या आम्ही वर्गात कधी आणला नव्हता.

२०२२ च्या उन्हाळ्यात ती वही घेऊन आम्ही गावाबाहेरच्या कातकरी वाडीवर गेलो. जाण्याआधी अब्बांशी वाद झाला. ते म्हणाले, "मरे हुए लोगां का हिसाब कायकू निकालता? तेरे दादा ने किसी का खून नहीं किया." आम्ही म्हणालो, हिशेब आम्ही काढला नाही, तो दादांनीच लिहून ठेवला आहे. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत.

वाडीवर एक वयस्कर बाई भेटल्या. आम्ही त्यांना आजी म्हणालो, त्या आम्हाला मास्तर म्हणाल्या. वखारीच्या शेठचा नातू म्हटल्यावर त्यांनी आम्हाला नीट पाहून घेतले. मग म्हणाल्या, "शेठ वाईट नव्हता. मारीत नव्हता. ईदीला गूळ द्यायचा पोरांना. पर हिशेब त्याच्याच वहीत होता ना. आमच्याकडं कुठं वही होती?"

आम्ही वही पुढे ठेवली आणि आम्हाला जे म्हणायचे होते ते म्हणालो. घरून जुळवून आणलेले शब्द तिथे फार जड वाटले. आजींनी ते ऐकून घेतले, त्यावर काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, "ह्याच्यात माझ्या सासऱ्याचं नाव हाय का?"

आम्हाला वाटले, जुनी आठवण म्हणून विचारतात. कारण वेगळे होते. नातवाला शाळेच्या पुढच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला हवा होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला कुटुंबाचा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तोही बापाच्या बाजूचा. जे कधी शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, ज्यांचा जन्म भट्टीवर झाला, त्यांनी १९५० चा कागद कुठून आणायचा? वहीत ते नाव होते. १९४९ च्या पानावर, पुढे 'कातकरी' असे लिहिलेले. सत्तर वर्षांपूर्वी त्या माणसाचे नाव लिहून ठेवणारी, आमच्या माहितीत, ती एकच जागा होती, आणि ती जागा म्हणजे त्याच्या कर्जाचे पान.

आम्ही पानाची प्रत काढली, मराठी लिप्यंतर करून सोबत जोडले आणि नातवाबरोबर कचेरीत गेलो. खासगी वही ग्राह्य धरता येत नाही असे सांगण्यात आले. कायद्याने ते बरोबर असेल. आमच्या मनात मात्र एक सुबक शेवट तयार झाला होता. ज्या वहीने बांधले तीच वही सोडवील, असा. तसे घडले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अतिअसुरक्षित आदिवासी जमातींसाठी केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात येतात. त्यानंतर वाड्यावस्त्यांवर दाखल्यांची शिबिरे झाली. त्यातल्या एका शिबिरात स्थानिक चौकशीवरून नातवाला दाखला मिळाला. आमच्या वहीचा त्यात काही वाटा नाही. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण अशा गोष्टीत आपलाच हात शेवटी उपयोगी पडला असे सांगण्याचा मोह होतो.

कॅनडातल्या मंडळींनी या विषयात जो मार्ग धरला तो आपल्या विचारासाठी उपयुक्त आहे. ११ जून २००८ रोजी त्यांच्या पंतप्रधानांनी, स्टीफन हार्पर यांनी, संसदेत माफी मागितली. पण काम माफीवर संपवले नाही. सत्य व सलोखा आयोग नेमला. मरे सिंक्लेअर या आदिवासी न्यायाधीशांनी त्याचे अध्यक्षपद भूषवले. आयोगाने सहा हजारांहून अधिक लोकांच्या साक्षी ऐकल्या, निवासी शाळांत मेलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी कागदपत्रांतून काढल्या आणि २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. त्यांतली एक शिफारस अशी की हा इतिहास शाळेच्या प्रत्येक टप्प्यावर सक्तीने शिकवावा. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा दिवस तिथे याच स्मरणासाठी पाळला जातो. या शिफारशींपैकी पुष्कळ अद्याप कागदावर आहेत अशी तिथल्या आदिवासींची तक्रार आहे. तरी आयोगाच्या नावातला क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आधी सत्य, मग सलोखा.

आपल्याला हा क्रम परका नाही. लहानपणी मदरशात शिकलो आहोत की अल्लाहचे हक वेगळे आणि बंद्यांचे हक वेगळे. नमाज चुकली तर तोबा करता येते. पण माणसाचा हक बुडवला असेल तर त्या माणसाने माफ केल्याशिवाय तो सुटत नाही. हुकूकुल इबाद आपण वाअजमध्ये ऐकतो, मान डोलावतो. वखारीच्या वहीसमोर बसल्यावर तो शब्द पहिल्यांदा आम्हाला हिशेबासारखा वाटला.

आश्रमशाळांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून अधिक आश्रमशाळा आहेत. त्यांना कॅनडाच्या शाळांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. त्या आदिवासींना शिक्षण मिळावे म्हणून निघाल्या, मुलांना आईबाप स्वतः तिथे धाडतात, आणि तिथून शिकून शिक्षक, परिचारिका, अधिकारी झालेली माणसे आहेत. पण मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न इथेही उभा राहिला आणि २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीला आश्रमशाळांतील मृत्यूंवर अहवाल द्यावा लागला. मूल घरापासून दूर ठेवायचे तर त्याची जबाबदारी घरापेक्षा जास्त घ्यावी लागते, एवढे तरी कॅनडापासून शिकावे.

आणि भाषेचे काय? आम्ही उर्दूचे शिक्षक असल्यामुळे हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही. राज्यघटनेचे ३५० अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगते. त्याच्या आधारावर आपण उर्दू शाळा मागतो, उर्दू पुस्तके मागतो, शिक्षकांची पदे रिकामी राहिली की निवेदने देतो. मागणी रास्त आहे. पण पहिलीत आलेल्या कातकरी मुलाची बोली वर्गात नसते. त्याला कुणी छडी मारत नाही. तो बोलला की वर्ग हसतो, आणि मग तो बोलत नाही. पालघर जिल्ह्यातील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच कुरणावर नेली, त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या भाषेसाठी भांडणाऱ्या समाजाला दुसऱ्याच्या मुलाची गप्पी आधी ऐकू यायला हवी.

इतिहासात आपल्याला जागा मिळत नाही, अशी आपली तक्रार असते. ती खरी आहे, आणि या अंकाच्या पानांवर ती अनेकदा मांडली गेली आहे. परंतु जागा मागणाऱ्याने आपल्या घरातली वहीही उघडली पाहिजे. त्यात आपल्यावर झालेल्या अन्यायाच्या नोंदी असतील, तशा आपण केलेल्याही असतील. फक्त एकाच रकान्याची बेरीज करून इतिहास होत नाही.

जून २०२२ मध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी आठवीत होती. आम्ही तिच्या वर्गात जाऊन सांगितले की मागच्या वर्षी आम्ही तुम्हाला एक उत्तर चुकीचे दिले होते. मग कायदा सांगितला, सोलापूरचे कुंपण सांगितले, छप्परबंद सांगितले, चिरनेरचा नाग्या सांगितला. दादांच्या वहीचेही सांगितले. वर्ग गप्प होता. थोड्या वेळाने मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "जनाब, आपके दादा को मालूम था क्या, के ये गलत है?" या वेळी आम्ही घाई केली नाही. आम्ही म्हणालो, वहीवरून एवढेच कळते की त्यांना बेरीज-वजाबाकी चांगली येत होती.

तेव्हापासून दरवर्षी ३१ ऑगस्टला आम्ही एक तास या विषयाला देतो. वेळापत्रकात तो नाही, इतिहासाच्या तासातून काढावा लागतो. अब्बा आता त्यावर बोलत नाहीत. मात्र मागच्या ईदला त्यांनी पेटीतून ती वही स्वतः काढली आणि म्हणाले, ते १९४९ चे पान कुठले ते जरा वाचून दाखव. आम्ही वाचले. त्यांनी नाव ऐकले आणि म्हणाले, या माणसाच्या मुलाबरोबर आपण लहानपणी नदीवर मासे धरायला जात होतो, त्याचे नाव आपल्याला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर वाडीवर आले, आणि आजींना त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.